बारावी कॉमर्सनंतर ऑस्ट्रेलियात कॉमर्स-लॉ: पाच वर्षांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी महाराष्ट्र बोर्डाची, बारावी कॉमर्स. बुक कीपिंगमध्ये गुण उत्तम, पण ओढा वकिलीकडे. ऑस्ट्रेलियात बॅचलर ऑफ कॉमर्स आणि बॅचलर ऑफ लॉज या दोन पदव्या मिळून पाच वर्षांत होतात, मुलगी ‘वकीलही होईल आणि सीएही’, असं एजंटचं म्हणणं. हे खरं का, खर्च किती, आणि परत आली तर भारतात चालेल का?

पाच वर्षांत दोन पदव्या मिळतात, हे खरं. पण त्या हातात आल्या त्या दिवशी ती वकीलही नसते आणि सीएही नसते. दोन्ही धंद्यांचे दरवाजे विद्यापीठाच्या बाहेर आहेत आणि दोन्हीकडचे दरवान वेगळे आहेत. वकिलीचा दरवाजा त्या त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. अकाउंटिंगचा दरवाजा सीए एएनझेड किंवा सीपीए ऑस्ट्रेलिया या संस्थांचा. विद्यापीठ फक्त आत शिरायची पात्रता देतं, आणि तीही योग्य विषय घेतले तरच. म्हणून पाच वर्षांचा आराखडा पहिल्या वर्षापासून पुढे मांडू नका. परवाना कोणता हवा आणि कोणत्या देशात हवा, तिथून मागे मोजत या.

आधी पदवीची अंतर्गत रचना समजून घ्या, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचं, म्हणजे यूएनएसडब्ल्यूचं, उदाहरण घेऊ. नुसतं बीकॉम तीन वर्षांचं आणि १४४ क्रेडिटचं. जोडपदवी २४० क्रेडिटची: कायद्याचे १४४ आणि कॉमर्सचे ९६. एक विषय सहा क्रेडिटचा, म्हणजे कायद्याचे २४ विषय आणि कॉमर्सचे १६. नुसत्या बीकॉमवाल्याला २४ विषय मिळतात, तुमच्या मुलीला १६. हे कापलेले आठ विषय येतात मुख्यतः ऐच्छिक विषयांतून. पायाभूत विषय आणि एक मेजर, म्हणजे विशेष अभ्यासाचा विषयगट, घेतलं की कॉमर्सची टोपली जवळपास भरते. दुसऱ्या वर्षाला ‘फायनान्स जास्त इंटरेस्टिंग वाटतं’ म्हणून मेजर बदललं तर अकाउंटिंगची मान्यता हातची जाते, आणि पुढे ती भरून काढायला जागा उरत नाही.

अकाउंटिंगच्या संस्था पदवीचं नाव पाहत नाहीत, विषय पाहतात: वित्तीय अहवाल, व्यवस्थापकीय लेखांकन, ऑडिट, टॅक्स, फायनान्स, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, माहिती प्रणाली, व्यापारी आणि कंपनी कायदा. जोडपदवीत यातला कायद्याचा भाग, आणि काही ठिकाणी टॅक्सही, लॉच्या बाजूने वसूल होतो. हा तिचा खरा फायदा. पण तो आपोआप होत नाही. ‘कंपनी कायदा’ लॉ फॅकल्टीत केला म्हणजे अकाउंटिंगच्या मान्यतेत तो धरला जाईलच, असं गृहीत धरू नका. त्या विद्यापीठाच्या, त्या जोडपदवीच्या आणि प्रवेशाच्या त्याच वर्षाच्या मान्यताप्राप्त विषयांची यादी मागवून घ्या. सीनियर विद्यार्थ्यांनी सांगितलेली यादी चालत नाही. ती दोन वर्षांत बदललेली असते.

कायद्याच्या बाजूला चित्र सोपं आहे. ऑस्ट्रेलियात वकील व्हायला ११ विषय सक्तीचे आहेत. न्यायमूर्ती प्रिस्टली यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीवरून त्यांना ‘प्रिस्टली इलेव्हन’ म्हणतात: फौजदारी, टॉर्ट (कराराबाहेरच्या दिवाणी चुका आणि भरपाई), करार, मालमत्ता, इक्विटी व ट्रस्ट, कंपनी कायदा, प्रशासकीय कायदा, संघराज्य व राज्यांची घटना, दिवाणी कार्यपद्धती, पुरावा आणि व्यावसायिक नीती. मान्यताप्राप्त एलएलबीत हे सगळे बसवलेलेच असतात, त्यामुळे इकडे चुकायला वाव कमी. मात्र मेलबर्न विद्यापीठात बारावीनंतर थेट एलएलबी नाही. तिथे आधी दुसरी पदवी आणि मग तीन वर्षांचा ज्युरिस डॉक्टर, म्हणजे जेडी, हा पदवीनंतरचा कायद्याचा अभ्यासक्रम. एजंटच्या यादीत ‘मेलबर्न’ दिसलं तर शहर म्हणायचंय की विद्यापीठ, हे आधी विचारा. मेलबर्न शहरातच मोनाशला एलएलबीची जोडपदवी आहे. आणि मुलीचं भारतात बीकॉम आधीच झालं असेल, तर जोडपदवीच्या फंदात पडूच नका. पदवीनंतरचा तीन वर्षांचा जेडी हाच रस्ता. बीकॉम पुन्हा करण्यात दोन वर्षं आणि मोठी रक्कम वाया जाते.

प्रवेशाचं बोलायचं तर दोन गोष्टी. न्यू साउथ वेल्स या सिडनीच्या राज्यातल्या बारावीलाही एचएससीच म्हणतात, तेव्हा अर्जात बोर्डाचं नाव पूर्ण लिहा. आणि गणित: आपल्याकडे कॉमर्सला गणित सोडता येतं, तिकडे कॉमर्सच्या पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र येतं आणि बऱ्याच ठिकाणी बारावीचं गणित झालंय असं धरलेलं असतं. सोडलं असेल तर निघण्यापूर्वी अकरावी-बारावीचं कॅलक्युलस आणि संभाव्यता घरीच उरकून घ्यावी. इंग्रजीची अट कायद्याला कडक असते. व्हिसासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६ पुरतं, पण लॉ फॅकल्ट्या साधारण ७ किंवा त्याहून वर मागतात, प्रत्येक घटकाची किमान अट वेगळी. शेवटी बहुतेकांचं लेखनात अडतं. बारावीचा निकाल लागेपर्यंत जुलैच्या सत्राची वेळ जवळजवळ संपलेली असते. घाईने जुलै गाठण्यापेक्षा पुढचा फेब्रुवारी बरा, कारण कायद्याच्या पायाभूत विषयांचा क्रम फेब्रुवारीला सुरू होतो. मध्येच शिरलं की साखळी तिरकी होते.

आता पैसा. मोठ्या विद्यापीठांत या जोडपदवीचं शुल्क वर्षाला पन्नास हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास किंवा त्यावर असतं. ऑफर लेटरवर पहिल्या वर्षाचा आकडा असतो, लोक त्याला पाचने गुणतात आणि तिथे फसतात. शुल्क दरवर्षी वाढतं. ५०,००० पासून सुरुवात आणि दरसाल ५ टक्के वाढ धरली तर पाच वर्षांची बेरीज २,७६,२८१ डॉलर होते, अडीच लाख नव्हे. डॉलर ६० रुपये धरला तर हे नुसतं शुल्क १ कोटी ६६ लाखांच्या घरात. वर राहणं-खाणं. व्हिसासाठी ऑस्ट्रेलिया सरकारने मे २०२४ पासून एका वर्षाच्या राहणीचा आकडा २९,७१० डॉलर धरला आहे. सिडनीत हा आकडा काटकसरीचा आहे, ऐषारामाचा नाही. स्थानिक विद्यार्थ्यांना मिळणारं अनुदानित आसन आणि सरकारी शैक्षणिक कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या बहुधा शुल्कातला काही टक्के भाग उचलतात, आणि ठरावीक सरासरी राखली नाही तर बंद होतात. भारतातून पैसे पाठवताना एक लक्षात ठेवा: मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जात नाही. स्वतःच्या खात्यातून वर्षाला दहा लाखांवर गेलेल्या रकमेवर कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण मध्ये पैसा अडकतो.

‘नोकरी करून शुल्क काढेल’ हा हिशेब बसत नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. सुट्टीत मर्यादा नाही. २०२५-२६ चं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर. आठवड्याला २४ तास म्हणजे सहाशेच्या आत. सरकारच्या आकड्याप्रमाणे राहणीचा आठवड्याचा खर्च ५७१. म्हणजे फार तर जेवण आणि भाडं निघेल. पण सहा क्रेडिटचा एक विषय आठवड्याला साधारण दहा तास खातो. चार विषय म्हणजे चाळीस. त्यात चोवीस मिळवले की चौसष्ट तास. लॉच्या वाचनाला हे परवडत नाही. पहिल्या वर्षी आठवड्याला दहा-बारा तासांवर थांबावं.

विद्यार्थी व्हिसा म्हणजे सबक्लास ५००. जुलै २०२५ पासून अर्जाचं शुल्क २,००० डॉलर, आणि नाकारला तरी परत नाही. मार्च २०२४ पासून ‘जेन्युइन स्टुडंट’ची, म्हणजे खरोखर शिकायलाच येत असल्याचं पटवून देण्याची, अट आहे. तिथे जोडपदवीच का, हे ठोस लिहावं लागतं. ‘ऑस्ट्रेलियाची शिक्षणपद्धती जागतिक दर्जाची’ असली वाक्यं अधिकाऱ्याने हजार वेळा वाचलेली असतात. त्याऐवजी: बारावीला कोणते विषय, त्यातून कर किंवा दिवाळखोरीच्या कामाकडे ओढा कसा, भारतात हीच जोड कशी मिळते आणि ती का पुरत नाही, पैसे नेमके कोणाचे. आरोग्य विमा पूर्ण व्हिसा मुदतीचा लागतो, पाच वर्षांचा आगाऊ खर्च म्हणून तोही धरा.

व्हिसाच्या अटींत सगळ्यात जड पडते ती अभ्यासाच्या प्रगतीची. विद्यापीठाने दिलेल्या नोंदणीपत्रावर, म्हणजे सीओईवर, शेवटची तारीख असते आणि पदवी त्या तारखेत संपवायची असते. मुदतवाढ मिळते ती आजारपण, घरातलं गंभीर संकट किंवा विद्यापीठाच्या अधिकृत मदत-योजनेसारख्या मोजक्या कारणांनी. ‘जड वाटलं म्हणून तीनच विषय घेतले’ हे कारण नाही. एखादा विषय नापास झाला की खरं दुखणं सुरू होतं. लॉचे विषय साखळीत असतात: करार आणि टॉर्टशिवाय पुढचं उघडत नाही, इक्विटी अडली की पुढचे ऐच्छिकही अडतात, आणि काही विषय वर्षातून एकदाच असतात. एका नापास विषयाची किंमत त्या विषयाच्या सहा-सात हजार डॉलरवर थांबत नाही. नवीन सीओई, कदाचित नवा व्हिसा अर्ज, वाढीव विमा आणि अर्ध्या वर्षाचं भाडं. म्हणून प्रत्येक सत्राची ‘सेन्सस डेट’ भिंतीवर लिहून ठेवा. त्या तारखेपर्यंत विषय सोडला तर त्याचं शुल्क लागत नाही आणि निकालपत्रावर डागही राहत नाही. दुसऱ्या दिवशी सोडला तर पूर्ण शुल्क. मात्र विषय सोडण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागाराला सीओईवर काय परिणाम होईल ते विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

अभ्यासाचा पोत दोन्हीकडे इतका वेगळा आहे की हुशार मुलंही गोंधळतात. अकाउंटिंगमध्ये उत्तर जुळतं किंवा जुळत नाही. लॉमध्ये दोन पानांची एक गोष्ट देतात आणि ‘अमुकला सल्ला द्या’ म्हणतात. आपल्याकडची सवय अशी की कलम आठवून लिहायचं, मग व्याख्या, मग महत्त्व. तिथे बहुधा पुस्तक उघडं ठेवून परीक्षा होते, त्यामुळे कलम पाठ असण्याला शून्य किंमत. गुण मिळतात ते मुद्दा ओळखणं, नियम नेमका मांडणं, तो या गोष्टीतल्या तथ्यांना लावणं आणि निष्कर्ष, या क्रमाला, आणि त्यातही तथ्यांना लावण्याच्या भागाला. भारतीय मुलांचे गुण जातात ते तिथेच: नियम एक पान, लावणं दोन ओळी. उलट हवं. आणि ‘प्रतिपक्ष काय म्हणेल’ हे लिहिल्याशिवाय ७५ च्या वर, म्हणजे डिस्टिंक्शनमध्ये, जाता येत नाही. लेखनात संदर्भ देण्याची पद्धत एजीएलसी (ऑस्ट्रेलियन गाइड टू लीगल सायटेशन). तिचे साधे नियम पहिल्या पंधरा दिवसांत हातात बसवून घ्यावेत. न्यायालयांचे निकाल ऑस्टली (AustLII) या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुस्तकांवर पैसे घालण्यापूर्वी तिथे वाचायची सवय लावा.

दोन्ही विद्या जिथे एकमेकींत मिसळतात तिथे मात्र या जोडपदवीचं सोनं होतं. एकच खटला पुरे: सेंट्रो, २०११. शॉपिंग मॉल चालवणाऱ्या सेंट्रो समूहाच्या २००७ च्या ताळेबंदात सुमारे दीड अब्ज डॉलरचं कर्ज वर्षभरात फेडायचं असताना ते दीर्घ मुदतीच्या देण्यांत दाखवलं होतं. संचालकांचा बचाव असा की, कागद व्यवस्थापनाने तयार केले, नामांकित ऑडिटरने तपासले, आम्ही विसंबलो. फेडरल कोर्टाने तो फेटाळला: ताळेबंद मंजूर करणाऱ्या संचालकाने तो स्वतः वाचून समजून घेतलाच पाहिजे, चालू आणि दीर्घ मुदतीच्या देण्यांतला फरक त्याला कळलाच पाहिजे. हा निकाल नुसत्या लॉच्या विद्यार्थ्याला संचालकांच्या कर्तव्याचा धडा वाटतो, नुसत्या अकाउंटिंगवाल्याला वर्गीकरणाची चूक. दोन्ही शिकलेल्याला कळतं की ताळेबंदातली एक ओळ चुकीच्या मथळ्याखाली गेल्याने दायित्व कसं उभं राहतं. दावा चालू असताना तो तरतूद म्हणून दाखवायचा की नुसती टीप द्यायची, ट्रस्टमधून पैसा कोणाच्या हाती गेला आणि कर कोणी भरायचा, कंपनी बुडतेय हे संचालकाला कधी कळायला हवं होतं: ऐच्छिक विषय निवडायचे ते याच पट्ट्यातून. कर, दिवाळखोरी, ट्रस्ट, कंपनी वित्त. मानवाधिकार आणि अंतराळ कायदा आकर्षक वाटतो, पण नोकरीच्या बाजारात या जोडीची किंमत वरच्या चारांमुळेच आहे.

नोकरीचं चाक अंतिम वर्षाच्या आधी फिरतं. लॉ फर्मच्या समर क्लर्कशिप, म्हणजे उन्हाळी सुट्टीतल्या उमेदवाऱ्या, उपांत्य वर्षात असतात, म्हणजे पाच वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी. सिडनीत अर्ज वर्षाच्या मध्यावर. केपीएमजी, डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय या बड्या अकाउंटिंग फर्मांचे सुट्टीतले कार्यक्रम आणखी आधी उघडतात. अनेक ठिकाणी कायम रहिवासी किंवा नागरिक असण्याची अट असते. सरकारी नोकरीत तर बहुतेक नागरिकत्वच. ही अट जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत असते. ती आधी वाचा म्हणजे चाळीस अर्ज फुकट जाणार नाहीत. परदेशी विद्यार्थ्याला त्यातल्या त्यात मोकळी वाट म्हणजे मध्यम आकाराच्या अकाउंटिंग फर्मचा कर विभाग.

पदवीनंतर काय? वकिलीसाठी प्रॅक्टिकल लीगल ट्रेनिंग करावं लागतं, उदाहरणार्थ कॉलेज ऑफ लॉ किंवा मेलबर्नच्या लिओ कसेनमधून. त्यानंतर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून प्रवेश, मग प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट, आणि सुरुवातीची साधारण दोन वर्षं कोणाच्या तरी देखरेखीखाली. सीएसाठी सीए एएनझेडचा पदव्युत्तर कार्यक्रम आणि तीन वर्षांचा मार्गदर्शकाखालचा अनुभव. आता व्हिसा बघा: पदवीनंतरचा सबक्लास ४८५ व्हिसा बॅचलर पदवीला साधारण दोन वर्षांचाच मिळतो. अनुभव हवा तीन वर्षांचा, व्हिसा दोन वर्षांचा, आणि त्या दोनातले काही महिने ट्रेनिंगचे. हे गणित स्वतःच्या बळावर बसत नाही. नोकरी देणाऱ्याचं प्रायोजकत्व किंवा कायम रहिवास लागतो. अकाउंटंटला वय, शिक्षण, इंग्रजी यांचे गुण मोजून मिळणाऱ्या व्हिसाला किमान पात्रता ६५ गुणांची, पण प्रत्यक्ष आमंत्रणं बरीच वरच्या गुणांना गेली आहेत. म्हणून ‘वकील आणि सीए दोन्ही’ हे तिथे राहून एकाच वेळी धरायचं ध्येय नाही. एक परवाना आधी, दुसरी विद्या त्याच्या पाठीशी.

एक बाब कोणी सांगत नाही, ती सांगतो. वकील म्हणून प्रवेश मागताना चारित्र्याचा खुलासा करावा लागतो, आणि त्यात विद्यापीठातली गैरवर्तणुकीची प्रकरणंही येतात. मैत्रिणीबरोबर बसून असाइनमेंट सारखंच लिहिलं, परवानगी नसताना एआयकडून मसुदा करून घेतला, आणि विद्यापीठाने ताकीद दिली, तर ती ताकीद पाच वर्षांनी कागदावर लिहावी लागते. लपवली आणि नंतर सापडली तर मूळ चुकीपेक्षा लपवणं महागात पडतं. ४८ तासांची मर्यादा मोडून रोखीने केलेलं काम याच रांगेत. अकाउंटिंगच्या मित्राला जे निभावून जाईल ते लॉच्या विद्यार्थ्याला जाईलच असं नाही.

भारतात परतायचं असेल तर नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाचे. परदेशी विद्यापीठ त्यांच्या मान्यतेच्या यादीत हवं. पदवी नियमित, आणि बारावीनंतर पाच वर्षांची एकात्मिक किंवा पदवीनंतर तीन वर्षांची हवी. बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या परदेशी एलएलबीची इथे अडचण होते. पाच वर्षांची जोडपदवी या कसोटीला जास्त जवळची. पण म्हणूनच उन्हाळी सत्रं आणि जादा विषय घेऊन ती साडेचार वर्षांत उरकायचा मोह टाळा. वाचलेल्या सहा महिन्यांचं शुल्क दिसतं, पण मुदतीवरून उद्भवणारी शंका मिटवायला वर्ष जातं. त्यानंतर भारतीय नागरिकांसाठीची पात्रता परीक्षा, त्यात घटना, करार, कंपनी, दिवाणी व फौजदारी प्रक्रिया आणि व्यावसायिक नीती असे आपले विषय. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी, आणि एआयबीई ही वकिलांची अखिल भारतीय परीक्षा. भारतातलं सीए तर या पदवीने मिळतच नाही. आयसीएआय या भारतातल्या सीएंच्या संस्थेची वाट स्वतंत्र. शिवाय इथे वकिलीची सनद आणि सीएचं प्रॅक्टिस सर्टिफिकेट एकाच वेळी चालवता येत नाही. मुलीला मुंबई उच्च न्यायालयात किंवा आयकर न्यायाधिकरणासमोर उभं राहायचं असेल, तर सीईटी देऊन इथली पाच वर्षांची लॉ पदवी आणि जोडीला सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी), हा रस्ता स्वस्तही आहे आणि थेटही. आणि पुण्या-मुंबईत ऑस्ट्रेलियन फर्मांची आउटसोर्स केलेली कामं हवी असतील, तर त्याला दीड कोटीची पदवी लागत नाही.

जायचं ठरलंच, तर पहिल्या दिवसापासून एक फोल्डर ठेवा: प्रत्येक विषयाची त्या सत्राची कोर्स आउटलाइन, तासांची संख्या, मूल्यमापनाची विभागणी, पीडीएफमध्ये. सीए एएनझेडला मान्यता ठरवताना, बार कौन्सिलला विषयांची तुलना करताना आणि विद्यापीठ बदलायची वेळ आली तर क्रेडिट मागताना हेच कागद मागतात. विद्यापीठ जुन्या आउटलाइन संकेतस्थळावरून काढून टाकतं, आणि चार वर्षांनी ईमेल करून मागितल्या तर उत्तर यायला दोन महिने लागतात.